सत्तावीस तारखेआधीचा आवाज

रविवार, ९ नोव्हेंबर

ही तक्रार कुठल्या कार्यालयात नोंदवायची ते कळत नाही, म्हणून इथंच नोंदवते. खताच्या दुकानदारानं भेट दिलेल्या या डायरीत सोमवार ते शनिवार प्रत्येकाला अख्खं पान आहे. रविवारला मात्र शनिवारच्या पायाशी, लोक चपला काढतात तेवढ्या जागेत, पाच ओळी. आठवडाभर शाळेत पोरांना मराठी शिकवणाऱ्या बाईच्या आयुष्यात काही घडलंच तर ते रविवारी घडतं, हे खतवाल्याला माहीत नसेल. छापणाऱ्याला तरी कळायला हवं होतं. या अन्यायाचा मी जाहीर निषेध करते आणि सोमवारच्या पानावर अतिक्रमण करते.

घडलं ते असं. पुण्याहून जीवनचा फोन आला. जीवन माझा चुलतभाऊ, म्हाळूतात्यांचा मुलगा. तात्यांच्या घशातली गाठ वाईट निघाली. सत्तावीस तारखेला बार्शीला ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढणार.

"ताई, त्याच्यानंतर तात्या बोलणार नाहीत. त्याच्या आत त्यांची सगळी कहाणी रेकॉर्ड करून ठेव. आपल्या घराण्याचा इतिहास. तू लिहितेस ना."

मी लिहिते म्हणजे दर शुक्रवारी बीडच्या एका पेपरात लोकांच्या खोड्या काढते. त्याला इतिहास म्हणत नाहीत. पण जीवन घाईत होता. "आणि मेंढरांचं पण बघायचंय. आवाज गेल्यावर ती कुणाचं ऐकणार? घाटनांदूरच्या एका व्यापाऱ्याशी बोलून ठेवलंय. तात्या घरी आले की देऊन टाकू."

"तात्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. काहीच बोलले नाहीत."

आतापासून सराव करत असतील.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळची शाळा उरकून चौसाळ्याची एसटी धरली, तिथून काळीपिवळीनं गावात. तीन वर्षांत मी इथं फक्त मयतीला आले. त्यामुळे मला पाहून शेजारच्या बाईनं आधी पदर डोळ्याला लावला आणि मग विचारलं, "कोन गेलं वो?"

जीवननं कुरिअरनं माइक पाठवलाय. शेंगदाण्याएवढा, वर केसाळ टोपी. तात्यांनी तो चिमटीत धरून उन्हाकडं केला.

"ही कुन्या मेंढीची लोकर म्हनायची?"

"नायलानची हाय," भामाकाकी चुलीपासून म्हणाल्या. "मेंढी न्हाई, काई न्हाई."

तात्यांचा आवाज निम्मा गेलाय. फाटक्या पत्र्यावर वाळू ओतावी तसा येतो. मी वही उघडली. जन्म कधीचा?

"रझाकार आल्ते तवा मी आईच्या पाठीवर हुतो."

लग्न?

"पाटोद्याच्या अंगाला एका पाटलाच्या रानात मेंढरं बसवलती, त्या साली."

मेंढरं बसवणं म्हणजे शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात रात्री कळप मुक्कामाला ठेवणं. रानाला खत, धनगराला धान्य. तात्यांच्या आयुष्यात इसवी सन नाहीच. कुणाच्या रानात कळप बसला होता त्यावर सगळी कालगणना. मी विचारलं, ते कुठलं साल? ते म्हणाले, रान करडईचं होतं.

मग त्यांनी विचारलं, "योगे, ह्यात आवाज कुटवर ऱ्हातो?"

"कायमचा."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग हितं कावून बसली? चल रानात."

मला खुर्ची, पंखा, शांतता आणि इतिहास हवा होता. रानात जाऊन तात्यांनी सदऱ्याला माइक लावून घेतला आणि वीस मिनिटं मेंढरांवर ओरडले. हा घराण्याचा इतिहास, खंड पहिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. पोरांना अर्धी सुट्टी, मला मेंढरं.

सोयाबीन निघालेल्या रानातून चाललो. बांधावरच्या तुरीला पिवळी फुलं, आणि ऊन असं की कुणीतरी मलमलीतून गाळून सोडलंय. चाळिसेक मेंढरं उरलीत. लंगडी म्हणून एक म्हातारी मेंढी आहे, ती सगळ्यांत पुढं. पाय अधू, रुबाब सरपंचाचा.

तात्या गोष्ट सांगतात, पण गोष्टीत मेंढरं सारखी मधे येतात. म्हणजे बोलणं असं:

"भात्तरच्या दुष्काळात आमी गंगथडीला, गोदेच्या काठाला गेलतो. नदीला पानी न्हाई, नुसती वाळू. वाळू उकरायची, ओंजळभर पानी लागायचं, त्ये आदी मेंढराला... हुर्र्याऽऽ ह्या, ह्या! ...तुजा बाप माज्यासंगं हुता. बंकट."

"मग?"

"तिसऱ्या म्हयन्यात म्हनला, दादा, मी चाललो खडी फोडायला. मी म्हनलो, कावून? तर म्हनला, दगडाला तहान लागत न्हाई."

माझे वडील मला ते जाईपर्यंत एसटीचे कंडक्टर म्हणूनच माहीत. वाळू उकरणारा बावीस वर्षांचा बंकट मला कुणी दाखवलाच नव्हता. मी काहीतरी विचारणार, तेवढ्यात ओढा आला आणि तात्यांनी पाण्याची हाक घातली.

ती लिहिता येत नाही. खालून सुरू होते, विहिरीत घागर सोडावी तशी. मग दोर संपल्यासारखी थांबते, आणि वर दोन लहान हिसके. फाटक्या गळ्यातून ती कशी निघाली कोण जाणे. मेंढरं काठावर ताटकळत उभी होती, ती हाकेसरशी खाली उतरली आणि माना पाण्याला लागल्या. चाळीस तोंडांचं पाणी पिणं. पावसाआधी झाडं कुजबुजतात तसा आवाज.

"मेंढरू तान्हेलं ऱ्हाईल, पर हाकेबिगर पानी न्हाई पिनार," तात्या म्हणाले. "आलं का आत?"

"आलं, आलं."

"वळायची हाक? थांबायची?"

"सगळं आलंय, तात्या. ते दुष्काळाचं सांगा ना पुढचं."

त्यांनी पुढचं सांगितलं नाही. त्यांनी थांबायची हाक पुन्हा घातली, नीट, सावकाश, जशी मी फळ्यावर पोरांसाठी शुद्धलेखन लिहिते.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी कानात इअरफोन घालून तात्यांचं रेकॉर्डिंग ऐकत पलंगावर पडले. झोप लागली. स्वप्नात मेंढरं आमच्या इमारतीचा जिना चढून आली. बेल न वाजवता आली. स्वयंपाकघरातून, पुस्तकांच्या कपाटाजवळून, माझ्या पायथ्याशी, सगळीकडं ऊबदार ओली लोकर. कुणी काही मोडलं नाही. वडील कंडक्टरच्या खाकीत त्यांच्यामागून चालले होते आणि प्रत्येकीला तिकीट देत होते. मी विचारलं, कुठपर्यंत? ते म्हणाले, गंगथडी.

जागी झाले तेव्हा कानात तात्या कुणाला तरी वळवत होते आणि मी कूस बदललेली होती.

पाच ओळी कधीच संपल्या.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज घरात एक नवीन वस्तू. गळ्यात अडकवायचा पट्टा असलेला लाल भोंगा.

"चौसाळ्याच्या जलालुद्दीनभाईकडनं आनला," काकी म्हणाल्या. "त्यो पेरूवाला. त्याच्या गाड्यावर डबडं एकलंच वरडतंय 'पेरू घ्या पेरू', आन् त्यो निवांत बसलेला. ह्येनी आक्खा बाजार त्याच्याम्होरं बसून काढला. घरी आले आन् म्हनले, एकदा बोलून ठिवलं की दिसभर तेच."

म्हातारपणी माणसं भजनाला लागतात, तात्या भोंग्याला लागले. बरंय. दवाखान्यातून आल्यावर कीर्तनं ऐकतील. शुक्रवारच्या लेखाला विषय मिळाला: खेड्यातलं तंत्रज्ञान.

तात्यांनी मला रेकॉर्ड केलेलं त्या भोंग्यातून ऐकवायला लावलं. सगळं नको म्हणाले, फक्त हाक. मी अंगणात ती लावली. शेजारच्या जाळीच्या वाड्यात कोंडलेल्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. चाळीस चेहरे माझ्याकडं. सतरा वर्षं लेख लिहितेय, वाचकांनी इतक्या एकमतानं कधी मान वर केली नव्हती. मी हसले. तात्या हसले नाहीत. भोंग्यावरून हात फिरवत राहिले, नुकत्याच जन्मलेल्या कोकरावरून फिरवावा तसा.

"काकी, तुम्ही का नाही हाक घालत?" मी सहज विचारलं.

"माज्या हाकेला कोकरं येत्यात. बाया बिऱ्हाडापाशी कोकरं संबाळत्यात, गडी रानात मेंढरं. कोकरू मोटं झालं, रानात गेलं, की बाईचा आवाज इसरतंय." मग तव्यावरची भाकरी उलटत, "पोरावानीच की."

पुण्याचा उल्लेख दोघींनीही टाळला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज साफसफाई केली. जीवनला घराण्याचा इतिहास तासाभरात बसणारा हवाय. "लोकांना वेळ नसतो, ताई." माझ्याजवळ जमलेलं त्याच्या सहापट, आणि त्यात निम्म्याहून अधिक आरडाओरडा. सकाळपासून बसून एकेक हाक कापली. तणातलं पीक निघावं तशी खालून गोष्ट निघाली: रझाकार, गंगथडी, वाळू, बंकट, करडईचं रान, लग्न. एक तास बारा मिनिटं. स्वच्छ. एका जागी तात्या वाक्याच्या मधेच ओरडतात, तिथं कापलं तर बंकटचं नाव तुटत होतं, म्हणून तेवढं ठेवलं.

मग फोननं कळवलं की जागा शिल्लक नाही. मूळ सगळं पुसलं, फोनची कचरापेटीही रिकामी केली. इतकं हलकं वाटलं. जीवनला पाठवलं. त्याचं उत्तर: अंगठा, आणि "ऐकतो सवडीनं."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बार्शी. सकाळी साडेसातला आत नेलं. तात्या गाडीवर आडवे, पांढऱ्या चादरीत फार लहान दिसत होते. जीवन म्हणाला, "तात्या, काही सांगायचंय?" सगळे वाकलो. माझा हात खिशातल्या माइकवर.

तात्या म्हणाले, "भामे, लंगडीला आत बांदायला सांग. थंडी हाय."

दार मिटलं. मी माइक चालू केलाच नव्हता.

शनिवार, १३ डिसेंबर

तात्या परवा घरी आले. गळ्याला पांढरा रुमाल, त्यामागं श्वास ये-जा करतो, कागद फडफडल्यासारखा. चेहरा मात्र ताजा. मी अंगणात पाऊल ठेवलं तसे उठले, आतून लाल भोंगा आणला, गळ्यात घातला आणि माझ्यापुढं उभे राहिले. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं दप्तर घालून उभी राहतात तसे.

"लाव की," काकी म्हणाल्या. "कवाधरनं वाट बगतायत. व्यापारी मंगळवारी येनार हाय. त्याच्या आदी मेंढरं ह्येंच्यामागं चालून दावायची. म्हंजी जीवनचं तोंड बंद."

तेव्हा मला कळलं. शाळेतल्या सगळ्यांत ढ पोराला जे पहिल्या दिवशी कळलं असतं ते मला तेरा डिसेंबरला, भर उन्हात, माइकची केसाळ टोपी हातात धरून कळलं.

"काकी, त्या हाका... मी काढून टाकल्या."

"काडल्या? मंग कुटं ठिवल्या?"

मी हातातल्या फोनकडं पाहिलं. तात्या माझ्याकडं बघत होते. मग भोंग्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं, आणि त्यांनी हातानं विचारलं: काय हाय मग ह्यात?

"तुमची गोष्ट आहे," मी म्हटलं.

कधी नव्हे ते माझ्या तोंडून वाक्य निघालं आणि त्याला एकही काटा नव्हता.

तात्यांनी गळ्यातला भोंगा सरळ केला. मग खाली वाकून वाड्याचं जाळं सोडलं आणि चालायला लागले. काकींनी मला डोळ्यानंच सांगितलं, लाव. मी फोनवरून लावलं आणि मागं चालू लागले.

भोंगा म्हणाला, "रझाकार आल्ते तवा मी आईच्या पाठीवर हुतो."

लंगडीनं मान वर केली. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग तिच्या मागं सगळी.

हे मी जसं पाहिलं तसंच लिहितेय, त्यात मीठ नाही. पुढं तात्या, तोंड मिटलेलं, आणि त्यांच्या छातीवर त्यांचाच गेलेला आवाज बोलतोय. मागं चाळीस मेंढरं, रझाकार ऐकत. करडईचं रान ऐकत. धुळीत ऊन उभं होतं, तुरीची फुलं आता शेंगांना वाट देत होती, आणि आमच्या घराण्याचा इतिहास सावकाश बांधाबांधानं चालला होता. ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्यापैकी कुणी तो अजून ऐकलेला नाही. मेंढरांनी पूर्ण ऐकला. वाळू उकरण्याची गोष्ट आली तेव्हा तात्यांची पावलं हळू झाली, तशी त्यांचीही झाली. "तुजा बाप माज्यासंगं हुता," भोंगा म्हणाला, आणि मी मेंढरांच्या पाठीमागं, त्यांच्या चालीनं चालत राहिले. मला पुढं जायचंच नव्हतं. वाटलं, ही वाट गंगथडीपर्यंत अशीच जावी आणि तिथं वाळूत कुणीतरी तरणा माणूस उकिडवा बसलेला असावा.

ज्या एका जागी मी कापू शकले नव्हते तिथं वळायची हाक आली, बंकटच्या नावाआधी. चाळीसही मेंढरं वळली. तिथं वळायचं नव्हतं. शेजाऱ्याच्या तुरीत शिरली, तात्या काठी घेऊन पळाले, मी ओढणी घेऊन पळाले. भोंगा आपला शांतपणे लग्नाची गोष्ट सांगत होता.

पण ओढ्याशी सगळं थांबलं. मेंढरं काठावर उभी राहिली. तात्याही. भोंगा बोलत होता, पाणी समोर होतं, कुणी मान खाली घालेना. शेवटी तात्यांनी लंगडीचा कान धरून तिला ओढत पाण्यात नेलं. बाकीच्यांना एकेक करून. त्यांच्या रुमालामागं श्वासाचा कागद फाटल्यासारखा वाजत होता. मी मदतीला गेले तर हातानं बाजूला केलं. रागानं नव्हे, पण केलं.

मंगळवार, १६ डिसेंबर

काकींचा फोन. व्यापारी आला होता. तात्यांनी मी भोंग्यात भरून दिलेली गोष्ट लावून कळप रस्त्याकडेपर्यंत नेऊन आणला. व्यापारी कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बे, मेंढरं पुरान ऐकायलीत!" जीवन फोनवर होता. व्यापारीच त्याला म्हणाला, चालतायत तर कशाला विकता? जीवननं संक्रांतीपर्यंत मुदत दिली.

"पर पान्याचं लई अवघड झालंय, योगे," काकी म्हणाल्या. "रोज कान धरून वढत्यात. दम न्हाई पुरत त्येंना. मी घालून बगितली हाक. नुसती कोकरं आली."

काकींनी फोन ठेवला. मी शुक्रवारच्या लेखासाठी बसले होते. खेड्यातलं तंत्रज्ञान. दीड पान झालं होतं. चांगलं झालं होतं. फाडलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून सराव करते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, घशाला काही झालंय का?" हो म्हटलं. आमच्या घराण्यात आहे.

हाक माझ्या कानात आहे, सगळी. इतक्या दुपारी ऐकत झोपले, त्या वाया गेल्या नाहीत. घागर खाली जाते तिथपर्यंत येतं. दोर थांबतो ते जमत नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. जीवनला सांगितलं नाही. माइक नेला नाही.

सकाळचं धुकं कपिलधारच्या डोंगराकडून उतरून रानावर बसलं होतं. त्यातून आधी भोंग्यातला आवाज आला, मग मेंढरांचे खूर, मग तात्या. मी ओढ्याशी आधीच जाऊन थांबले होते. त्यांनी मला पाहिलं आणि भोंगा बंद केला.

मेंढरं काठावर येऊन उभी राहिली. तात्या लंगडीच्या कानाकडं वाकले.

मी हाक घातली.

फार वाईट झाली. चाळीस मेंढरांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंडं फिरवली. असं परीक्षण मला पेपरातही मिळालेलं नाही. मी पुन्हा घातली. तात्या सरळ झाले होते. त्यांनी एक हात रुमालावर ठेवला आणि दुसरा जमिनीपासून हळू, हळू वर उचलला: अजून खालून. मी अजून खालून घेतली. हात हवेत थांबला: इथं थांब. थांबले. इतकी थांबले की धुक्यात कुठंतरी टिटवी ओरडून गेली तेही ऐकू आलं. मग त्यांची बोटं दोनदा उडाली, आणि मी दोन हिसके दिले.

लंगडी खाली उतरली. माझ्यासाठी की त्यांच्या हातासाठी, ते तिलाच माहीत. तिनं मान पाण्याला लावली. मग तिच्या बाजूला एक. मग सगळ्या.

तात्या काठावरच्या दगडावर बसले. मी थोडी लांब बसले. वळायची आणि थांबायची हाक अजून राहिलीय, ती यायला मला महिना लागेल, कदाचित जास्त. ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि तात्यांनी विचारलं नाही. मेंढरं पाणी पीत होती.